एकही विमान न पाडलेलं लढाऊ विमान

ज्या विमानानं महायुद्धात एकही गोळी झाडली नाही, त्याच्या कॉकपिटखाली शत्रूची आठ विमानं पाडल्याच्या खुणा रंगवायला तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही रंगवाल का?

मला सांगितलं होतं. मी शिडीवर उभी होते, हातात स्टेन्सिल, म्हणजे रंग मारायचा कापलेला साचा. खाली आमचा डायरेक्टर वेन हॅट मागे सारून वर बघत होता.

"मिस मुक्ता, आठ काळे क्रॉस. सरळ ओळीत. पुढच्या महिन्यात ह्या विमानाच्या नव्या प्रदर्शनाचं ओपनिंग आहे."

"कुणाची आठ?"

"जर्मनांची."

"ह्या विमानानं पाडलेली?"

वेननं खिशातून च्युइंग गम काढला आणि कागद सोलण्यात बराच वेळ घालवला. "सॅब म्हणतो आठ," तो म्हणाला.

मी शिडीवरून खाली उतरले आणि स्टेन्सिल त्याच्या हातात दिलं.

मी टेक्सासमधल्या एका छोट्या विमान म्युझियममध्ये कन्झर्व्हेटर आहे. सांगलीतल्या माझ्या नातेवाइकांना वाटतं मी विमानं उडवते. आईला वाटतं मी पेंटर आहे. दोन्ही चूक. जुन्या वस्तूवरचा जुना रंग टिकवणं, तो कधीचा ते ओळखणं आणि त्यावर कुणी नवं काही थापायला आलं तर आडवं पडणं, हे माझं काम. आडवं पडायचं शिक्षण घरीच झालं. बाबा युनियनची पत्रकं छापायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले, त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या खुणांना 'किल मार्क' म्हणतात. वैमानिकानं शत्रूचं विमान पाडलं की एक खूण. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डसारखंच, फक्त आउट झालेला माणूस चालत पॅव्हेलियनमध्ये जात नाही.

आणि सॅब म्हणजे सबनीस काका. टेक्सासमधल्याच फ्रिस्कोला राहतात. मूळचे नागपूरचे. इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून नोकरी करून रिटायर झाले आणि आमच्याकडे व्हॉलंटियर गाइड झाले. आवाज असा की विमानं ठेवायच्या भल्यामोठ्या हँगरमध्येही माइक लागत नाही. आमच्या म्युझियमचं सगळ्यात मोठं आकर्षण विमान नाही, काका आहेत. लोक दोन-दोन तास ड्राइव्ह करून त्यांची टूर ऐकायला येतात. टूर अशी:

"धुकं! खाली बर्लिन! इंधनाचा काटा शून्याकडे! आणि सूर्याच्या दिशेनं सहा जर्मन!"

इथे काका थांबतात. एक हात पंखावर ठेवतात. मी स्वतः पाहिलंय, एकदा अर्कान्सामधून आलेल्या एका बाईंनी रडत रडत त्या पंखाला मिठी मारली होती. मला तो पंख नंतर पुसावा लागला.

अडचण एवढीच होती की हे विमान बर्लिनला कधी गेलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी शेपटीजवळचा एक पोचा नीट करत होते. वरचा हिरवा रंग आधीच्या मालकानं दिलेला. त्यानंच नाकावर शार्कचे दातही रंगवून घेतले होते. पोच्याच्या कडेला हिरव्याखाली पिवळा कण दिसला. अमेरिकन लढाऊ विमानाच्या त्या जागी पिवळं काही असायचं कारण नाही. मी विमानाचा ठोकलेला नंबर तपासला आणि शंका उरली नाही. आपलं विमान, मस्टँग जातीचं, युरोपातलं युद्ध संपायच्या बेतात असताना तयार झालं होतं आणि ते विकलं होतं स्वीडनला. स्वीडन तटस्थ देश. कुणाच्याच बाजूनं लढला नाही. विमान तिथे गेलं, सीमेवर पहारा दिला, काही वर्षांनी ताफ्यातून निघालं आणि दोन-तीन मालकांच्या हातून फिरत परत अमेरिकेत, टेक्सासला आलं.

मी हे वेनला सांगितलं. तो म्हणाला, "स्वीडन? त्यांना कशाला हवं होतं?"

"कुणी हल्ला करू नये म्हणून."

"केला का?"

"नाही."

"मग पिक्चर कुठे आहे ह्यात, मिस मुक्ता?"

ह्यावर माझ्याकडे एकच औषध होतं. पत्रक! मी रात्रभर न जागता, लंच ब्रेकमध्येच ते लिहिलं. "प्रेक्षकहो, जागे व्हा! ह्या विमानानं कुणालाही पाडलेलं नाही! तुमच्या अश्रूंचा गैरवापर होत आहे!" इंग्रजीत ते जरा कमी शोभलं, पण मुद्दा पोचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा गठ्ठा तिकीट खिडकीवर ठेवला.

पहिल्याच टूरमध्ये ओक्लाहोमाच्या एका रिटायर्ड शिक्षिकेनं हात वर केला. काका तेव्हा धुक्यात होते.

"सर, ह्या कागदावर लिहिलंय की हे विमान स्वीडनला विकलं होतं."

काका क्षणभरही अडखळले नाहीत. "येस मॅम. बर्लिनमार्गे."

"बर्लिनमार्गे?"

"धुक्यामुळे."

वेननं आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं. माझं पत्रक त्यानं टेबलावर सपाट करून ठेवलं होतं.

"माझ्या हँगरमध्ये एक विमान आहे आणि त्याची दोन युद्धं चालली आहेत," तो म्हणाला. "तुम्ही दोघं तुमच्या भाषेत भांडा. मग मला एक गोष्ट आणून द्या. मी ती ओपनिंगच्या दिवशी ऐकीन. पब्लिक थांबलं तर मी तसं विमान रंगवून घेईन. पब्लिक उठून गेलं, तर विमान मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. तिथे आधीच दोन आहेत. त्यांच्याही गोष्टी खऱ्याच होत्या."

त्या ताडपत्रीखालची दोन्ही विमानं मी पाहिली आहेत. एकात पक्ष्यानं घर केलंय. हे तिसरं तिथे गेलं, तर पुन्हा त्याच्याकडे कुणी बघणार नव्हतं आणि ते माझ्यामुळे गेलेलं असणार होतं. तरी आठ क्रॉस मी रंगवणार नव्हते.

आम्ही वर्कबेंचवर समोरासमोर बसलो. काकांनी डबा उघडला. पोळी, भेंडीची भाजी.

"काका, ही आठ विमानं आली कुठून?"

"अगं, आधी मी खरंच सांगत होतो. म्हणायचो, अशा विमानांनी युद्धात पुष्कळ पाडली. मग लोक विचारत, ह्यानं किती? एवढ्या आशेनं विचारत! मी म्हटलं, दोन. नुसतं म्हटलं."

"आणि आठ?"

"वाढत गेली. महागाई."

"काका, हे खोटं आहे!"

"खोटं काय? वर्णन आहे ते. तू काय बोलून राहिली, कळतंय का तुला?" काका चिडले की नागपूर बाहेर येतं. "मी लोकांना सांगू काय? विमान गेलं, उभं राहिलं, परत आलं? अशी वस्तू माझ्या घरी आहे. तिला फ्रिज म्हणतात."

शब्दांनी हे सुटणार नाही, हे मला कळलं. मी काकांना विमानाच्या शेपटीकडे घेऊन गेले. आमच्या कामात 'विंडो' उघडतात. ओल्या, अगदी बारीक पॉलिश पेपरनं एकाच जागी गोल गोल घासत जायचं. मध्ये जास्त, कडेला कमी. मग कांदा आडवा कापल्यासारखे एकात एक रंगांचे गोल दिसू लागतात. बाहेरचा गोल सगळ्यात नवा, आतला सगळ्यात जुना.

काका बाजूला उभे राहिले, हात पाठीमागे. हिरवा गेला. करडा आला. करडा गेला आणि त्याखाली निळा आला. निळ्याच्या पोटात पिवळी कड, वर टोक काढलेली. मुकुटाचं टोक. स्वीडनच्या हवाई दलाची खूण म्हणजे निळ्या वर्तुळात तीन पिवळे मुकुट.

काका इंजिनिअर आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जवळ जाऊन पाहिलं, बोट फिरवलं.

"हे माझ्यासमोर नको होतं घासायला," ते म्हणाले.

"का?"

"आता मी आठ म्हटलं, तर ते खोटं होईल."

त्यांनी वर्कबेंचवरचा डबा बंद केला, गाइडचा बिल्ला काढून माझ्या टूलबॉक्सवर ठेवला आणि निघून गेले.

मी जिंकले होते. पुढच्या आठवड्यात टूर कॅन्सल झाल्या. लोक येत, सॅब कुठे आहे विचारत आणि नाही म्हटल्यावर गिफ्ट शॉपमधून शार्कच्या दातांचं चित्र असलेला मग घेऊन परत जात. वेननं ताडपत्रीसाठी विमानाचं माप घेतलं, माझ्यासमोर.

मग शैला काकूंचा फोन आला. शैला काकू म्हणजे सबनीस काकांच्या मिसेस.

"मुक्ता, ह्यांना परत घेऊन जा."

"काकू, ते स्वतःहून गेले..."

"ते मला माहीत नाही. हा माणूस घरात टूर देतोय. काल कपाट उघडून मला सांगितलं, हे लोणचं कुठून आलं, किती संकटांतून आलं. माझंच लोणचं! मी घातलंय! आज सकाळी प्लंबर आला होता, त्याला पाण्याच्या हीटरची सगळी हिस्टरी सांगितली. तो बिचारा तासाचे पैसे घेतो, तोही कंटाळला."

रविवारी मी फ्रिस्कोला गेले. काका सोफ्यावर बसले होते. टीव्ही बंद, तरी त्याकडेच बघत.

"काका, तुम्ही खरी गोष्ट सांगा. तुमच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही."

"तटस्थ माणसाची गोष्ट नसते, मुक्ता. त्याला काही होतच नाही."

काकू चहा घेऊन येत होत्या. ट्रे हातातच राहिला. "काही होत नाही? शहाणेच आहात. मंडळ फुटलं तेव्हा काय झालं होतं?"

"त्याचं इथे काय?"

"अगं मुक्ता, तू तेव्हा इथे नव्हतीस. इथल्या मंडळात भांडण झालं. दरवर्षी शाडूची नवी मूर्ती आणायची, की वर्षभर कुणाच्या तरी गराजमध्ये ठेवलेली फायबरची पुन्हा बसवायची? अर्धे शाडूचे, अर्धे फायबरचे. झाली दोन मंडळं. आम्ही कुठल्याच मंडळात गेलो नाही. हे म्हणाले, आपण तटस्थ. आता साउंड सिस्टिम कुणाकडे? ह्यांच्याकडे. शाडूवाले मागायला आले. नाही दिली. फायबरवाले आले. त्यांनाही नाही. पण ह्यांनी ती लपवली का? कव्हर काढून बाहेरच्या खोलीत ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी!"

"मेंटेनन्ससाठी," काका म्हणाले.

"एका दिवाळीला दोन्हीकडून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी दोन्हीकडून आलं, एकाच संध्याकाळी. तेव्हा ह्यांना ताप आला. आणि शाडूवाल्यांना वाटायचं आम्ही आतून फायबरचे, फायबरवाल्यांना वाटायचं आम्ही आतून शाडूचे. दोन वर्षं देशी दुकानात भाजी घेताना मला इकडेतिकडे बघावं लागलं. आणि म्हणे काही होत नाही!"

मी पटकन तोंड उघडलं. "काका, स्वीडनचं तसंच होतं. त्यांनी आधी अमेरिकेकडेच विमानांची ऑर्डर दिली होती. काही आली, आणि मग अमेरिकेनं बाकीची अडवली."

"काऊन? ठरलं होतं ना?"

"म्हणाले, आता आम्हालाच लागतील."

काका सरळ बसले. "मग?"

"मग त्यांनी इटलीकडून घेतली."

"इटली तर जर्मनीकडची!"

"हो. आणि शेवटी शेवटी पुन्हा अमेरिकेकडून. त्यातलं हे आपलं."

"आणि मधल्या मधे?"

"मधल्या मधे दोन्ही बाजूंची मार खाल्लेली विमानं स्वीडनमध्ये येऊन उतरायची. ते वैमानिकाला ठेवून घ्यायचे, विमानही ठेवून घ्यायचे."

काका उभे राहिले. खोलीत एक फेरी मारली. "शैला," ते म्हणाले, "हे तर आपलंच झालं."

"मघापासून मी काय सांगून राहिले?"

ओपनिंगच्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये डोकावले. सबनीस काकांच्या टूरचं ओपनिंग आहे, हे फ्रिस्कोत कळलं होतं. शाडू मंडळ आलं होतं. फायबर मंडळही आलं होतं. दोघांच्याही अध्यक्षांच्या काखेत शालीचा डबा होता. आपली माणसं आहेत, कुणी काही चांगलं केलंय असा संशय जरी आला तरी सत्कार करतात. दोन्ही मंडळं विमानाच्या दोन बाजूंना उभी राहिली. समोर नेहमीचे टेक्सन लोक, हॅटवाले, कुटुंबवाले. मागे वेन, हाताची घडी. विमान तसंच हिरवं, शार्कच्या दातांचं, फक्त शेपटीजवळ जेवायच्या ताटाएवढी माझी विंडो.

काका पुढे आले. गाइडचा बिल्ला लावलेला होता.

"लेडीज अँड जंटलमेन, हे विमान त्या युद्धात लढलं नाही."

एक हॅटवाला वळला आणि गिफ्ट शॉपकडे चालू लागला. त्याच्यामागे एक कुटुंब निघालं. वेननं माझ्याकडे पाहिलं. मी विमानाकडे पाहिलं.

"पण तुमच्यापैकी कुणी," काकांचा आवाज चढला, "भांडणाऱ्या दोन घरांच्या मध्ये राहिलंय का?"

हॅटवाला दारात थांबला.

मग काकांनी स्वीडन सांगितलं. दोन्हीकडचे दारात येऊन कसे विचारायचे, तुम्ही नक्की कुणाचे? ठरलेली विमानं शेजाऱ्यानंच कशी ठेवून घेतली. मग दुसऱ्या शेजाऱ्याकडून कशी आणली आणि पहिल्याला ते कसं कळलं. मोडकी विमानं अंगणात येऊन कशी पडायची. "पाहुण्याला चहापाणी करायचं, त्याची वस्तू ठेवून घ्यायची," काका म्हणाले. "आमच्या घरात छत्र्या अशाच जमल्या आहेत."

शाडूचे अध्यक्ष आधी हसले, मग फायबरचे अध्यक्ष हसताहेत हे बघून थांबले. फायबरचे अध्यक्षही थांबले. ते पाहून मागे शैला काकूंना जे हसू फुटलं, ते सगळ्या हँगरला लागलं. सगळ्यात मोठ्यानं वेन हसत होता. मला नंतर कळलं, त्याच्या गावातलं चर्च ऑर्गन की गिटार ह्यावरून फुटलं होतं आणि त्याची आई आजतागायत दोन्हीकडे केक पाठवते.

तेवढ्यात पुढे उभ्या एका तरुण बाईनं विचारलं, अगदी सरळ, "पण सर, लढलंच नाही, तर ह्याचा उपयोग काय झाला?"

माझ्या पत्रकात एवढी उद्गारचिन्हं होती, पण ह्याचं उत्तर नव्हतं.

काकांनी पंखावर हात ठेवला. ह्या वेळी आवाज खाली होता.

"मॅम, रोज सकाळी एक तरुण मुलगा ह्यात बसायचा. इंजिन चालू करायचा, सीमेपर्यंत जायचा, बघायचा. आणि संध्याकाळी घरी जेवायला जायचा. ह्यात बसलेला कुणीच कधी मेला नाही, असं मी म्हणणार नाही. ती शिडीवाली मुलगी मला रागावेल. तिला जेवढं माहीत आहे तेवढंच मला सांगता येतं. पण त्या युद्धात ह्यानं कुणाच्या आईला रडवलं नाही. लढाऊ विमानाबद्दल असं म्हणायला मिळणं सोपं नाही."

त्या बाईनं फक्त मान हलवली आणि विंडो कुठे आहे विचारलं. लोक एकेक करून शेपटीकडे आले, वाकले, पिवळं टोक बघितलं. हॅटवालाही आला. त्यानं हॅट काढली, बहुतेक नीट दिसावं म्हणून.

मग सत्कार झाले. दोन्ही अध्यक्ष एकाच वेळी पुढे सरसावले. काकांनी एक शाल डाव्या खांद्यावर घेतली, दुसरी उजव्या. कुठली आधी घेतली ते सांगायला आजही ते तयार नाहीत.

वेन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मिस मुक्ता, मुकुट किती?"

"तीन."

"आठपेक्षा कमी काम. लाग कामाला."

आता विमान चकचकीत धातूच्या रंगात आहे, बाजूला निळं वर्तुळ, त्यात तीन मुकुट. विंडो मी तशीच ठेवलीय, वर काचेसारखं पारदर्शक व्हार्निश देऊन. शार्कचे दात गेले. शार्कच्या दातांचे मग मात्र पूर्वीपेक्षा जास्त खपतात. ह्याचा मला राग येतो, वेनला येत नाही. उरलेली पत्रकं हँगरमध्ये तेल पुसायला गेली. आणि काका? गेल्या आठवड्यात ते एका ग्रुपला सांगत होते की स्वीडनचे राजे स्वतः एकदा ह्या पंखाला हात लावून गेले होते. मी शिडीवरून ओरडले, "काका!" काका ग्रुपला म्हणाले, "ही शक्यता आहे. अभ्यास चालू आहे."

खरं काय ते शोधून काढणं माझं काम आहे, पण नुसतं शोधून दिलं की लोक ऐकतील, हा माझा भ्रम होता. ते सांगायलाही माणूस लागतो. आणि त्या माणसावर शिडीवरून लक्ष ठेवायला दुसरा.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही म्युझियममध्ये गेलात आणि गाइड रंगात आला, की त्याला नम्रपणे विचारा: हे ह्याच वस्तूचं आहे का, की हिच्यासारख्या दुसऱ्या कुठल्या वस्तूचं? आणि उत्तर कंटाळवाणं वाटलं, तरी कॅफेकडे वळू नका. पाच मिनिटं थांबा आणि त्याला दुसरा प्रश्न विचारा.